कार्यसंदर्भ रक्षण, संगणकातील

एकाच संस्कारकावर आळीपाळीने चालणाऱ्या अनेक कार्यांपैकी एक कार्य थांबवून दुसरे सुरू करताना, थांबलेल्या कार्याची त्या क्षणाची स्थिती स्मृतीत नोंदवून ठेवणे आणि पुढे ते कार्य पुन्हा हाती घेताना ती स्थिती जशीच्या तशी परत आणणे, या क्रियेस कार्यसंदर्भाचे रक्षण व पुनःस्थापन असे म्हणतात. या दोन्ही क्रिया मिळून जो पालट घडतो त्यास संदर्भबदल ही संज्ञा आहे. ज्या संगणकाचे उत्तर केवळ बरोबर असून भागत नाही, तर ते ठराविक मुदतीच्या आत मिळावे लागते, त्याच्या नियंत्रक आज्ञावलीस वास्तवकाल किंवा रिअल टाइम प्रचालन प्रणाली म्हणतात. विमाने, अवकाशयाने, अणुभट्ट्या, रुग्णालयांतील उपकरणे आणि मोटारींचे गतिरोधक यांच्या नियंत्रणासाठी अशा प्रणाली वापरतात. त्यांत संदर्भबदल अचूक व्हावा लागतोच, शिवाय त्यास लागणारा वेळही आधी सांगता यावा लागतो.

स्वरूप : लांबलचक बेरीज करणाऱ्या कारकुनास मध्येच उठावे लागले, तर आपण कितव्या ओळीपर्यंत आलो याची खूण त्याला करून ठेवावी लागते. परंतु तेवढी खूण पुरेशी नसते. त्या क्षणी हातचा किती होता, हेही टिपून ठेवले नाही, तर पुढची सर्व बेरीज चुकते. संगणकाचीही स्थिती अशीच असते. पुढील आज्ञेचा पत्ता दाखविणारे आज्ञा-गणित्र, गणिते ज्यांत चालतात ते संचयक व इतर रजिस्टर, आधीच्या गणिताचे फलित शून्य होते की ऋण, हातचा उरला की नाही हे सांगणारे स्थिती-रजिस्टर आणि कार्याच्या तात्पुरत्या नोंदींची चळत कोठवर आली आहे हे दाखविणारा पत्ता, एवढा मजकूर मिळून सामान्यतः कार्याचा संदर्भ होतो. अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग वेगळा असेल, तर त्याचे रजिस्टरही त्यात येतात.

हा मजकूर ज्या स्मृतिखंडात ठेवतात त्यास कार्यनियंत्रण खंड म्हणतात. प्रत्येक कार्याचा अग्रक्रम आणि ते चालू आहे, तयार आहे की कशाची वाट पाहत आहे, याचीही नोंद त्याच खंडात असते. बाह्य साधनाकडून किंवा घड्याळाकडून आलेल्या संकेताने चालू काम थांबते, यास व्यत्यय म्हणतात. व्यत्यय आला की प्रणाली अधिक अग्रक्रमाचे कार्य तयार आहे का हे पाहते. असल्यास चालू कार्याचा संदर्भ जतन करून नव्या कार्याचा संदर्भ रजिस्टरांत भरते. शेवटी आज्ञा-गणित्रात नवा पत्ता पडतो आणि नियंत्रण त्या कार्याकडे जाते. थांबलेल्या कार्याच्या आज्ञावलीत आपण थांबलो होतो याची कोणतीही खूण राहत नाही. ही क्रिया निर्दोष झाल्याची तीच कसोटी होय.

आरंभीचा इतिहास : पहिल्या पिढीतील संगणक एका वेळी एकच आज्ञावली अखेरपर्यंत चालवीत. छपाईचे किंवा छिद्रपट्टी वाचण्याचे काम मंदगतीचे असल्याने गणनयंत्रणेचा बराच वेळ नुसता वाट पाहण्यात जाई. ही अडचण दूर करण्यासाठी व्यत्ययाची कल्पना पुढे आली. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने १९५४ मध्ये पुरा केलेल्या डायसीॲक या संगणकात दोन आज्ञा-गणित्रे होती. बाह्य साधनाकडून संकेत आला की यंत्र एक गणित्र सोडून दुसऱ्याप्रमाणे चालू लागे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत वेस्ली क्लार्क यांच्या आराखड्यावरून तयार झालेल्या आणि १९५८ मध्ये कार्यान्वित झालेल्या टीएक्स-२ या संगणकात हीच कल्पना विस्तारण्यात आली व निरनिराळ्या साधनांशी निगडित असलेल्या आज्ञा-अनुक्रमांस स्वतंत्र गणित्रे देण्यात आली. पाने जतन करण्यापेक्षा प्रत्येकास स्वतंत्र वही द्यावी, असा हा मार्ग होता. संदर्भरक्षणाच्या पुढील इतिहासात या दोन मार्गांची निवड वारंवार करावी लागली.

नेदर्लंड्समधील इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या संगणकासाठी ब्राम लोपस्ट्रा व कारेल स्खोल्टन यांनी व्यत्ययाची योजना केली, तेव्हा तिची आज्ञावली लिहिण्याचे काम एट्सखर डायक्स्ट्रा (१९३०–२००२) यांच्याकडे आले. व्यत्यय नेमका कोणत्या आज्ञेनंतर येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे संदर्भ जपण्यात चूक राहिली, तर ती पुन्हा हुबेहूब घडवून तपासता येणार नाही, ही शंका त्यांना प्रथमच आली व काही काळ त्यांनी या योजनेस विरोध केला. पुढे हेच काम त्यांच्या १९५९ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय झाले. चाचणी करून अशा आज्ञावलीचा निर्दोषपणा सिद्ध होत नाही, तो रचनेतूनच पटवून द्यावा लागतो, हा त्यांच्या नंतरच्या विचारातील आग्रह या अनुभवाशी सुसंगत आहे.

आयबीएम या कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेत संदर्भाचा गाभा ६४ द्विमान अंकांच्या एका स्थितिशब्दात एकवटला होता. व्यत्ययाचे पाच वर्ग होते. प्रत्येक वर्गासाठी स्मृतीत जुन्या व नव्या स्थितिशब्दांच्या जागा ठरलेल्या होत्या आणि व्यत्यय येताच यंत्र स्वतःच जुना शब्द ठेवून नवा उचली. सोळा सामान्य रजिस्टर जतन करण्याचे काम मात्र आज्ञावलीकडे राहिले. त्यासाठी अनेक रजिस्टर एका दमात स्मृतीत ठेवणारी आणि तेथून परत भरणारी अशा दोन आज्ञा दिलेल्या होत्या. अत्यावश्यक मजकूर यंत्राने जपावा व उरलेला गरजेप्रमाणे आज्ञावलीने जपावा, ही विभागणी पुढे सर्वत्र रूढ झाली.

अपोलो संगणक : वास्तवकाल प्रणालीतील संदर्भरक्षणाचे महत्त्व ज्या घटनेने सर्वांत ठळकपणे दिसून आले, ती चंद्रावरील पहिल्या अवतरणाच्या वेळी घडली. अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेत तयार झाला. त्यात बदलता येण्याजोगी स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती आणि तारा विणून कायमची पक्की केलेली स्मृती ३६,८६४ शब्दांची होती. प्रत्येक शब्दात १५ द्विमान अंक व तपासणीचा एक अंक असे. स्मृतीच्या एका आवर्तनास सुमारे ११.७ मायक्रोसेकंद लागत. एवढ्या साधनसामग्रीत यानाचे स्थान व वेग काढणे, एंजिनाचे नियंत्रण, यानाची दिशा राखणे, रडारचे वाचन आणि अंतराळवीरांच्या कळफलकाशी संवाद, ही सर्व कामे एकाच वेळी चालवायची होती.

या संगणकात संदर्भ दोन पातळ्यांवर जपला जाई. पहिली पातळी व्यत्ययाची होती. व्यत्यय येताच आज्ञा-गणित्र आणि पुढील आज्ञेचा मजकूर यंत्र स्वतः राखून ठेवी. संचयक व त्याच्या जोडीचे रजिस्टर व्यत्ययाची आज्ञावली ठराविक जागी ठेवी, तर परतीचा पत्ता असलेले रजिस्टर तिला स्वतःला वापरायचे असेल तरच जतन करी. एक व्यत्यय चालू असताना दुसरा स्वीकारला जात नसे, म्हणून अशा जागांचा एकच संच पुरत असे. मात्र त्यामुळेच प्रत्येक व्यत्ययाचे काम काही सहस्रांश सेकंदांतच आटोपावे लागे.

दुसरी पातळी दीर्घ कामांची होती. ती चालविणारी ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाची नियंत्रक आज्ञावली हॅल्कोम लॅनिंग यांनी आखली. प्रत्येक कामास बारा शब्दांचा एक संच मिळे. त्यापैकी सात शब्द गणितांच्या तात्पुरत्या फलितांसाठी असत. उरलेल्या पाच शब्दांत संख्यांचा प्रकार, काम कोठे थांबले तो पत्ता, स्मृतीचा कोणता विभाग वापरात होता, तात्पुरत्या नोंदींची जागा आणि अग्रक्रम यांची नोंद असे. अधिक जागा लागणाऱ्या कामास ४४ शब्दांचे एक ज्यादा क्षेत्र देत. असे संच सात-आठच होते आणि ज्यादा क्षेत्रे पाच. चालू कामाचा संच नेहमी पहिल्या जागी असे. अधिक अग्रक्रमाचे काम आले की त्याच्या संचाशी त्याची अदलाबदल केली जाई.

ही अदलाबदल व्यत्ययाने जबरदस्तीने होत नसे. प्रत्येक कामाने थोड्या थोड्या वेळाने एक ठराविक स्मृतिस्थान तपासून, आपल्याहून महत्त्वाचे काम खोळंबले आहे का हे पाहावे आणि असल्यास बाजूला व्हावे, असा नियम होता. तसे ठराविक काळात न पाहणाऱ्या आज्ञावलीस पकडण्यासाठी यंत्रात वेगळा पहारेकरी होता व त्याच्या संकेताने संगणक नव्याने सुरू होई. काम स्वतःच सोयीच्या ठिकाणी थांबत असल्यामुळे संचयकातील मजकूर जतन करण्याची गरज उरत नसे. संदर्भ लहान राखण्याचे एक साधन म्हणजे कार्याला योग्य जागीच थांबविणे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

याखेरीज पुनरारंभाचीही व्यवस्था होती. विद्युत् पुरवठ्यातील बिघाडामुळे किंवा अन्य कारणाने संगणक थांबलाच, तर कोणती कामे कोणत्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करावयाची याच्या नोंदी एका तक्त्यात ठेवलेल्या असत. प्रत्येक नोंद मूळ स्वरूपात व तिच्या पूरक स्वरूपात अशी दोनदा लिहीत. पुनरारंभानंतर दोन्ही जुळल्या तरच ती ग्राह्य धरीत. तसेच, यानाचे नवे स्थान काढताना ते प्रथम वेगळ्या जागी मांडून गणित पुरे झाल्यावरच मूळ जागी उतरवीत. त्यामुळे काम मध्येच तुटून पुन्हा झाले, तरी एकच वाढ दोनदा मोजली जात नसे. हा कामाच्या अर्थाचा संदर्भ होता. त्यात रजिस्टरातील मजकूर न जपता, काम जेथून निर्धास्तपणे पुन्हा सुरू करता येईल ती पायरी जपलेली होती.

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन यांचे ‘ईगल’ हे यान चंद्रपृष्ठापासून सुमारे १० किमी. उंचीवर असताना संगणकाने १२०२ या क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. नव्या कामास देण्यासाठी बारा शब्दांचा एकही संच शिल्लक नाही, असा तिचा अर्थ होता. अवतरण पुरे होईपर्यंत ही सूचना एकूण चार वेळा आली आणि ज्यादा क्षेत्रे संपल्याची १२०१ ही सूचना एकदा आली.

या प्रकाराचे मूळ यानाच्या भेटीसाठी वापरावयाच्या दुसऱ्या एका रडारमध्ये होते. त्याचे बटण ज्या स्थितीत होते, त्या स्थितीत रडारच्या कोनमापकांना एका विद्युत् स्रोताकडून प्रवाह मिळत होता आणि संगणकाच्या बाजूची उपकरणे दुसऱ्या स्रोताशी जुळलेली होती. दोन्हींची कंप्रता ८०० हर्ट्‌झ होती, पण त्यांच्या कलांचा मेळ बांधलेला नव्हता. परिणामी रडार स्थिर असूनही त्याचे कोन बदलत असल्याचे खोटे स्पंद संगणकाकडे येऊ लागले. त्यांची संख्या दर सेकंदाला जास्तीत जास्त १२,८०० पर्यंत जाऊ शकत होती. प्रत्येक स्पंद मोजण्यासाठी स्मृतीचे एक आवर्तन खर्ची पडे. या हिशेबाने संगणकाचा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत वेळ हिरावला जाणे शक्य होते. हे मोजणे व्यत्ययाच्या मार्गाने होत नसे. त्यासाठी कोणताही संदर्भ जतन करावा लागत नसे आणि म्हणूनच चालू आज्ञावलीस त्याचा पत्ताही लागत नसे. तिच्या दृष्टीने यंत्र केवळ मंद झाले होते.

अवतरणाच्या मार्गाचे गणित दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होत असे. वेळ कमी पडू लागल्यावर आधीचे गणित पुरे होण्यापूर्वीच पुढचे येऊन ठेपले. अर्धवट राहिलेल्या कामाचा संच अडकून पडे, नव्या कामास दुसरा द्यावा लागे आणि अखेर संच संपत. त्या वेळी संगणकाने पूर्वयोजनेप्रमाणे स्वतःचा पुनरारंभ केला. साठलेली अर्धवट कामे त्याने टाकून दिली आणि अवतरणाचे गणित, एंजिनाचे व दिशेचे नियंत्रण ही आवश्यक कामे तक्त्यात नोंदलेल्या टप्प्यांपासून पुन्हा चालू केली. यानाचे ज्ञात स्थान व वेग सुरक्षित राहिले.

ह्यूस्टन येथील नियंत्रण केंद्रात मार्गदर्शनाची जबाबदारी स्टीव्ह बेल्स यांच्याकडे होती. काही दिवसांपूर्वीच्या एका सरावात अशाच स्वरूपाची सूचना आल्यावर त्यांनी अवतरण रद्द करविले होते व तो निर्णय अनावश्यक ठरला होता. त्यानंतर जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने अशा सर्व सूचनांची व त्या त्या वेळी काय करावे याची हस्तलिखित यादी तयार केली होती. सूचना सतत येत नसेल आणि मार्गदर्शन चालू असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही, हे त्या यादीवरून काही सेकंदांत सांगता आले आणि अवतरण पार पडले. संगणकाने काय राखले व काय सोडले हे आधी समजून घेतलेली माणसे तेथे होती, ही गोष्ट यंत्राच्या गुणाइतकीच निर्णायक ठरली.

सूक्ष्मसंस्कारकांचा काळ : १९७० मध्ये बाजारात आलेल्या पीडीपी-११ या लघुसंगणकात व्यत्यय येताच आज्ञा-गणित्र व स्थितिशब्द चळतीवर ठेवले जात आणि एका आज्ञेने ते परत घेता येत. चळतीमुळे एका व्यत्ययात दुसरा सामावून घेणे सोपे झाले. कारखान्यांतील व प्रयोगशाळांतील नियंत्रणासाठी हा संगणक फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. १९७६ मधील झेड-८० या सूक्ष्मसंस्कारकात मुख्य रजिस्टरांचा एक पर्यायी संच होता व दोन आज्ञांनी त्याच्याशी अदलाबदल करता येई. त्याच वर्षीच्या टीएमएस-९९०० ची रचना याहून धाडसी होती. त्याचे सोळा सामान्य रजिस्टर संस्कारकात नसून स्मृतीतच होते आणि ते कोठे आहेत हे दाखविणारा एक पत्ता तेवढा संस्कारकात असे. तो पत्ता, आज्ञा-गणित्र व स्थिती-रजिस्टर बदलले की संदर्भ बदले. मात्र प्रत्येक गणितासाठी स्मृतीकडे जावे लागत असल्याने दैनंदिन गतीत त्याची किंमत मोजावी लागे.

ब्रिटनमध्ये १९८५ च्या सुमारास आलेल्या ट्रान्सप्यूटरने अपोलोच्या मार्गाशी साम्य असलेला मार्ग धरला. सामान्य अग्रक्रमाची कार्ये काही ठराविक आज्ञांपाशीच पालटत. तेथे गणितांचे रजिस्टर रिकामे मानले जात व जतन करण्यासारखे फारसे काही उरत नसे. याउलट इंटेलच्या ८०३८६ या संस्कारकात (१९८५) संपूर्ण कार्यबदल यंत्राकडेच सोपविला होता. त्यासाठी प्रत्येक कार्यास किमान १०४ बाइटांचा खंड लागे. सर्व मजकूर दर वेळी हलविणारी ही क्रिया मंद ठरली. बहुतेक प्रणालींनी ती सोडून आज्ञावलीनेच संदर्भ बदलणे पत्करले आणि या घराण्याच्या ६४ द्विमान अंकी कार्यपद्धतीत ती सुविधा ठेवलेली नाही. सर्व काम यंत्रावर सोपविणे नेहमीच लाभदायक नसते, असे यावरून दिसून येते.

२००४ मध्ये जाहीर झालेल्या आर्म कॉर्टेक्स-एम३ या संस्कारकाने मध्यम मार्ग स्वीकारला. व्यत्यय येताच यंत्र आठ शब्द आपोआप चळतीवर ठेवते. उरलेले आठ रजिस्टर कार्य खरोखर बदलणार असेल तरच प्रचालन प्रणाली जतन करते. एकामागून एक व्यत्यय आल्यास मधले अनावश्यक पुनःस्थापन यंत्र टाळते.

मर्यादा व दोष : संदर्भ अचूक जपला तरी सर्व धोके टळतात असे नाही. थांबविलेल्या कार्याने एखादे सामाईक साधन स्वतःकडे अडवून ठेवलेले असू शकते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘मार्स पाथफाइंडर’ या यानाचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला, तो यामुळेच. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी अग्रक्रमाचे कार्य एक कुलूप हाती ठेवून थांबले होते, मधल्या अग्रक्रमाची कार्ये त्याला पुढे जाऊ देत नव्हती आणि त्याच कुलपाची वाट पाहणारे वरच्या अग्रक्रमाचे कार्य मुदत चुकवीत होते. अशा वेळी कुलूपधारक कार्यास तात्पुरता वरचा अग्रक्रम द्यावा, हा उपाय ल्वी शा, रगुनाथन राजकुमार व जॉन लेहोत्स्की यांच्या १९९० मधील निबंधात विश्लेषिलेला होता. त्याची सोय प्रणालीत होती, पण ती बंद होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केल्यावर दोष नाहीसा झाला.

जतन करण्याचे काम पुढे ढकलण्यातही धोका असतो. अपूर्णांकांच्या गणितांचे रजिस्टर आकाराने मोठे असतात. म्हणून नव्या कार्यास ते लागेपर्यंत त्यांत जुन्या कार्याचा मजकूर तसाच राहू देण्याची पद्धत अनेक प्रणालींत होती. तात्त्विक दृष्ट्या नव्या कार्यास तो वाचता येत नाही. परंतु आज्ञा आगाऊ अंदाजाने चालविणाऱ्या इंटेल संस्कारकांवर तो मजकूर अप्रत्यक्षपणे हेरता येतो, हे २०१८ मध्ये उघड झाले. गुप्त लिपीच्या किल्ल्या अशाच रजिस्टरांत असू शकत असल्याने संबंधित प्रणालींना ही काटकसर सोडावी लागली.

वास्तवकाल प्रणालीच्या वेळेच्या हिशेबात आज संदर्भबदलाचा खर्च प्रत्येक कार्याच्या नावे स्वतंत्रपणे मांडतात. एखादे कार्य दुसऱ्यास थांबवून चालू झाले, तर जाण्याचा व परतण्याचा असे दोन बदल त्याच्या खाती धरतात. सरासरी वेळ येथे उपयोगी पडत नाही, सर्वांत प्रतिकूल परिस्थितीतील वेळ घ्यावा लागतो. काय जतन करावे, ते यंत्राने करावे की आज्ञावलीने, कार्यास कोठे थांबू द्यावे आणि जागा संपली तर प्रथम काय सोडून द्यावे, या चार प्रश्नांची उत्तरे आराखडा करतानाच द्यावी लागतात. अपोलो संगणकात ती आधीच दिलेली होती, म्हणून बारा शब्दांचे संच संपल्यावरही यानाचे नियंत्रण सुटले नाही.